वहिनींच्या रक्तात ‘कावीळ ब’ निघाली, पण डोळे पिवळे नाहीत

पऱ्हाटी (जि. यवतमाळ):
माझ्या वहिनींना सातवा महिना सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात झालेल्या रक्ततपासणीत ‘एचबीएसएजी रिॲक्टिव्ह’ असा शेरा आला. त्यांचे डोळे पिवळे नाहीत, तापही नाही. तरीही आजीने त्यांचे ताट-पेला वेगळा काढला असून कावीळ उतरवणाऱ्याकडून माळ आणण्याचा तिचा आग्रह आहे. अहवाल कितपत खरा मानावा, आणि बाळाला हा विषाणू लागेल काय?

लॅबवाला (अमरावती):
एचबीएसएजी हे ‘कावीळ ब’च्या (हिपॅटायटिस बी) विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील प्रथिन आहे; ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे ते रक्तात सापडले. १९६० च्या दशकात ते प्रथम ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात आढळले, म्हणून जुने डॉक्टर अजूनही ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ लिहितात. ते रक्तात सापडले म्हणजे विषाणू आज शरीरात आहे. डोळे पिवळे होवोत वा न होवोत. मात्र झटपट चाचणीच्या कार्डावर उमटलेल्या रेषेवर थांबू नये, एलायझा या प्रयोगशाळेतील अधिक खात्रीच्या चाचणीने पडताळून घ्यावे. संसर्ग नवा की जुना, हे ‘अँटी-एचबीसी आयजीएम’ (नव्या संसर्गात शरीर तयार करते ते प्रतिपिंड) या तपासणीवरून बऱ्याच अंशी कळते, आणि एचबीएसएजी सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले तर आजार दीर्घकालीन समजतात.

आजींच्या मनातली कावीळ बहुधा दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ किंवा ‘ई’ प्रकारची असावी. ती बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. ‘ब’ रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला लागते. एका ताटात जेवल्याने नाही. वस्तरा, दात घासायचा ब्रश, जत्रेतली गोंदणाची सुई मात्र सामाईक नको, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो.

परिचारिका (वाशीम):
खरी घाई बाळासाठी आहे. जन्मतःच संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, प्रौढांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. म्हणून प्रसूती दवाखान्यातच व्हावी, बाळाला २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि शक्यतो १२ तासांत इम्युनोग्लोब्युलिनचे (या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन मिळावे. हे इंजेक्शन कुठे उपलब्ध आहे, याची चौकशी आशाताईंमार्फत आजच करून ठेवा, कारण रात्री-बेरात्री ऐनवेळी ते शोधत फिरणे फार कठीण जाते. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरील एकत्रित लसीतून मिळतात. वहिनींच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजून घ्या. ते जास्त असल्यास डॉक्टर शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे औषध मोफत आहे. स्तनपान बंद करू नये.

पऱ्हाटी:
आभारी आहे. दादांचीही तपासणी करावी काय?

लॅबवाला:
अवश्य. एचबीएसएजीसोबत ‘अँटी-एचबीएस’ (या विषाणूपासून संरक्षण देणारी प्रतिपिंडे आहेत का, ते दाखवणारी तपासणी) हीही करा; दोन्ही नकारात्मक आल्यास त्यांना आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात असे लसीचे तीन डोस घ्यावे लागतील.