अनुभव धागा : सोलापूर ते सान्तियागो, बायकांच्या गटाची पायी यात्रा आणि तिची इथली तयारी

स्पेनच्या वायव्येला गालिसिया प्रांत आहे. तिथल्या सान्तियागो दे कॉम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य याकोब याची समाधी आहे, अशी श्रद्धा. तिथवर जाणाऱ्या वाटांना कामिनो म्हणतात. किमान १०० किलोमीटर पायी चाललं की यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणून पहिल्यांदा जाणारे गट बहुतेक सार्रिया गावापासून सुरुवात करतात, तिथून सान्तियागो साधारण ११५ किलोमीटर.

भिशीच्या, योगवर्गाच्या, वारीच्या मैत्रिणी घेऊन तिकडे जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा धागा. ज्यांनी ही तयारी केली किंवा करून घेतली, त्यांनी वर आपल्या भागाचं नाव टाकून लिहावं. प्रवासवर्णन नको. वजन, माप, मुदत, कागद, कुठे चुकतं आणि का, एवढं हवं. गट बाराजणींचा असला तरी बूट, फाइल, गोळ्या आणि पाणी जिचं तिचंच असतं. "माझ्याकडे आहे की, तू कशाला घेतेस" इथेच गट अडकतात.

टप्पे असे धरा : सार्रिया ते पोर्तोमारिन २२ किमी, तिथून पालास दे रेई २५, मेलिदे १५, आर्सुआ १४, ओ पेद्रोउसो १९, सान्तियागो २०. पालास ते आर्सुआ २९ किमी एका दिवसात करणारे पुष्कळ आहेत. पन्नाशीपुढच्या बायका असतील तर मेलिदेला मुक्काम कराच. एक दिवस वाढतो, पण गुडघे वाचतात.

जुळे सोलापूर

व्हिसाच्या फाइलींबद्दल लिहिते. पासपोर्टचं काम सोलापुरातच पोस्टातल्या केंद्रात होतं. अडचण नावाची येते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसती आद्याक्षरं. पासपोर्टवर छापलेलं नाव अक्षर न् अक्षर तसंच तिकिटावर, विम्यावर, मुक्कामाच्या नोंदीत आणि बँकेच्या उताऱ्यावर हवं. बँक आणि पॅन आधी दुरुस्त करा, तिकीट त्यानंतर. यालाच दोन महिने जातात.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसासाठी, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ कोरी पानं असलेला लागतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. प्रौढांचं शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत नाहीत. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. तीन महिने आधी फाइल तयार असेल असं बघा, कारण उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळच मिळत नाही.

गृहिणींच्या फाइलीत नवऱ्याचं खर्च उचलण्याचं पत्र, त्यांची आयकर विवरणपत्रं आणि लग्नाचं नोंदणीपत्र लावा. तीस वर्षांपूर्वीच्या लग्नांची नोंदणी बऱ्याचदा झालेलीच नसते, ती आधी महापालिकेत करून घ्या. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम दोन लाख भरू नका. उतारा बघणाऱ्याच्या नजरेत पहिली तीच नोंद भरते.

गटाची नेहमीची चूक म्हणजे सगळे मुक्काम एकीच्याच नावावर घेणं. मग उरलेल्या अकराजणींच्या फाइलीत राहण्याचा पुरावाच राहत नाही. मुक्कामाच्या जागेकडून सगळ्यांची नावं असलेलं मेल मागवा आणि प्रत्येकीच्या फाइलीत लावा.

बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात प्रत्येकीला स्वतः जावं लागतं. आधीच्या पंधरा दिवसांत हाताला मेंदी नको, विळीने कापलेलं बोट नको. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचता येतं, पण सकाळी ९ ची वेळ घेऊ नका. ११ नंतरची घ्या, गाडी उशिरा आली तरी जमतं.

साखर पेठ

पायांबद्दल थोडं सविस्तर, कारण परत फिरायची वेळ येते ती पायांमुळे.

आपल्या बायकांचा पाय जन्मभर चपलेत असतो. बोटं पसरलेली, टाचेला भेगा. तो पाय बंद बुटात रोज सात तास राहिला की घाम धरतो, भेगेच्या कडा मऊ पडतात आणि चालताना आणखी फाटतात. म्हणून टाचांचं काम निघायच्या दोन महिने आधी सुरू करा. रोज रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मग दगडाने हलकं घासणं, वर युरियाचं मलम आणि मोजे. ब्लेडने टाच खरवडू नका.

जोडवी काढून ठेवा. बंद बुटात जोडव्याची कड शेजारच्या बोटाला घासते आणि पहिल्याच दिवशी फोड येतो. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी बोटात रुतलेली असतात. निघायच्या आदल्या दिवशी ती निघत नाहीत, महिनाभर आधी साबणाच्या पाण्याने सैल करून घ्या. मन तयार होत नसेल तर दोऱ्यात ओवून गळ्यात घाला. पैंजणही मोज्याच्या काठाशी घासतात.

बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय फुगलेला असतो. जायचे तेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा. ही वाट डोंगरकड्यांची नाही, घोट्यापर्यंतचे जड बूट लागत नाहीत. खडबडीत तळव्याचे, पुढे रुंद असे साधे ट्रेल बूट पुरतात. आणि ते घालून इथे किमान १०० किलोमीटर झालेले असावेत.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी घासली की फोड आलाच. लोकरी किंवा सिंथेटिक तीन जोड न्या.

पोर्तोमारिनच्या आधी उतार मोठा आहे. पाय पुढे सरकून नखं बुटावर आदळतात आणि काळी पडतात. उतार लागायच्या आधी थांबून नाडी बदला. सगळ्यात वरच्या भोकातून नाडी बाहेरून आत घालून त्याच बाजूला छोटा फासा करा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं डाव्यातून ओवा, आणि टाच मागे दाबून आवळा. टाच जागेवर राहते. नखं चार दिवस आधी सरळ कापलेली असावीत, कोपरे कोरू नका.

कातडी गरम लागली की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची. "पुढच्या गावात बघू" म्हटलं की तिथे फोड घेऊनच पोचतो. फोड लहान असेल तर फोडू नका. मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. सुईने दोरा ओवून आत ठेवायची पद्धत वाटेवर दिसेल, ती करू नका, त्या दोऱ्यावाटे जंतू आत जातात. साखरेचा त्रास असलेल्या बाईने फोडाला स्वतः सुई लावूच नये.

भवानी पेठ

बॅगेचं वजन अंगाच्या दहाव्या भागाएवढं. ५५ किलोची बाई असेल तर साडेपाच किलो, पाण्यासकट. सराव ज्वारीच्या पिशव्यांनी करा : पहिल्या आठवड्यात २ किलो, मग दर आठवड्याला अर्धा किलो वाढवत न्या. बॅगेचा कमरपट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. सलवारीच्या नाडीची गाठ नेमकी त्या पट्ट्याखाली येते आणि दुसऱ्या दिवशी तिथे कातडी सोललेली असते. इलास्टिकची पॅन्ट घाला.

बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणारी सेवा वाटभर मिळते. ती वापरली म्हणून प्रमाणपत्र अडत नाही. मात्र प्रांत सरकारच्या अल्बेर्ग्यांत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळांत, अशा बॅगा ठेवून घेत नाहीत आणि आधी नोंदणीही करत नाहीत. गटाने खाजगी अल्बेर्गे धरावेत.

होटगी रोड

सराव १६ आठवड्यांचा धरा. पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस ५ किलोमीटर. पुढचे चार ८, आणि रविवारी १२. नवव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार लागोपाठ. आधी १२ आणि १२, शेवटी १८ आणि १८. एका दिवसात २५ कोणीही रेटून नेतं, खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी बूट घालताना होते. शेवटचे दहा दिवस हलकंच चाला.

सप्टेंबरात जायचं तर सराव जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू होतो, ते बरं. मे महिन्यात जायचं तर जानेवारीत सुरू करा, म्हणजे मार्चपासून पहाटे पाचला निघून आठच्या आत घरी येता येतं. चाळीस अंशांपुढच्या उन्हात केलेला सराव अंगावर येतो.

सोलापूर सपाट आणि गालिसिया सगळी चढउताराची. कंबर तलावाला फेऱ्या मारून दम वाढतो, पण मांड्यांना उताराची सवय लागत नाही. चार मजली जिना दहा वेळा, आणि उतरताना सावकाश. महिन्यातून एकदा तुळजापूरचा घाट. कोजागरीला तुळजापूर पायी गाठणाऱ्या आपल्याकडे पुष्कळजणी आहेत, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करणाऱ्याही आहेत. त्यांना अंतराची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. फक्त तिथे एका रात्रीत गाठायचं असतं आणि इथे सहा दिवस रोज उठायचं असतं. म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवायला शिका : ताशी ४ किलोमीटर, बोलता येईल इतका.

विजापूर रोड

पावसाचं कुणी लिहिलं नाही. सान्तियागोत वर्षाला सोलापूरच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, उन्हाळ्यातही सर येते. बॅगेसकट अंग झाकणारा पोंचो न्या. छत्री नको, हात अडकतो. बॅगेतलं सगळं आधी एका जाड प्लास्टिक पिशवीत भरा, वरचं कव्हर पुरत नाही.

अशोक चौक

खाण्याबद्दल. युरोपात प्रवाशाच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नकोत.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र उत्तम जोडी. दिवसाला एक भाकरी या हिशोबाने, दोन-दोनच्या हवाबंद पिशव्या करा. एकच मोठं पाकीट फोडलं की तिथल्या दमट हवेत उरलेल्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात. तुकडे झाले तर होऊ द्या, तिथल्या दह्यात कुस्करून चांगल्या लागतात. चटणी कोरडी, माणशी २०० ग्रॅम. तेलाची असेल तर विमानात डबा पाझरतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले लोक तिकडे बरेच भेटतात, त्यामुळे सामायिक स्वयंपाकघरात चटणी उघडताना आधी विचारा. सरकारी अल्बेर्ग्यांत शेगडी असते पण पातेली बऱ्याचदा नसतात, एक हलकं भांडं गटात असू द्या.

शाकाहारी बायकांनी "वेहेतारियाना" (शाकाहारी) एवढ्यावर थांबू नये. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन" असं पूर्ण म्हणा : मांस नको, मासे नको, डुकराचं हॅम नको. हामोनला काही जण मांसात धरत नाहीत. गालिसियाचा पालेभाजी-बटाट्याचा काल्दो, म्हणजे सूप, दिसायला साधा, पण त्यात डुकराची चरबी असते. मिक्स सॅलडवर ट्यूना मासा येतो. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतंच. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे पाव, फळं आणि पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळणं कठीण, आणि रविवारी दुकानं बंद. शनिवारीच केळी आणि पाव घेऊन ठेवा.

सात रस्ता

बायका वाटेत जावं लागेल म्हणून पाणी पीत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. दर काही किलोमीटरवर बार लागतो. एक कॉफी घ्या, स्वच्छतागृह वापरा, यात्रेच्या पुस्तिकेवरचा शिक्काही तिथेच मिळतो. तासाला एक मोठा कप पाणी तरी पोटात जाऊ द्या. नळावर "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

कापडी पॅड त्या हवेत वाळत नाहीत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या शेजारणीने सांगितल्या म्हणून घेऊ नका. लांबचा विमानप्रवास आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका, दोन्ही बघून डॉक्टरच ठरवतील. रक्तदाब, थायरॉइड, साखरेच्या गोळ्या गरजेच्या दुप्पट आणि हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नाव तिकडे कळत नाही. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, इन्सुलिनच्या वेळा आधी ठरवून घ्या.

रेल्वे लाइन्स

बाराजणी एकत्र चालत नाहीत, चालूही नये. चौघींच्या तीन तुकड्या करा, सारख्या वेगाच्या. प्रत्येक तुकडीत एक शेवटी राहणारी, तिच्या मागे कुणी नसावं. वाटेवर दगडी खांब आहेत, त्यांवर यात्रेची खूण असलेला शिंपला आणि सान्तियागोचं उरलेलं अंतर मीटरपर्यंत कोरलेलं असतं. "मी ७८ च्या खांबापाशी आहे" हा निरोप "झाडापाशी आहे" पेक्षा कामाचा. वाट दाखवणारा पिवळा बाण बराच वेळ दिसला नाही की मागे फिरून शेवटचा बाण शोधा. आणीबाणीचा नंबर ११२, तो प्रत्येकीच्या फोनमध्ये, फक्त गटप्रमुखाच्या नव्हे.

सप्टेंबरात तिथे आठ वाजेपर्यंत उजाडत नाही. सोलापूरच्या सवयीने पाचला निघाल तर तीन तास अंधारात. डोक्याला लावायची बॅटरी घ्या किंवा आठला निघा. अल्बेर्ग्यात रात्री दहानंतर शांतता पाळतात. प्लास्टिक पिशव्यांची पहाटेची चुरचुर सगळ्या खोलीला जागं करते, कपडे कापडी थैल्यांत भरा. वाटेवर अभंग म्हणा, आवडीने ऐकतात. उदबत्ती मात्र आत लावू नका, धुराची घंटा वाजते.

अक्कलकोट रोड

शिक्क्यांची पुस्तिका, क्रेदेन्सियाल, प्रत्येकीची स्वतःची हवी, वर नाव पासपोर्टप्रमाणे. रोज किमान दोन शिक्के, शेजारी तारीख. सकाळी निघालेल्या गावचा आणि मुक्कामाचा, अशी जोडी बसवली की चुकत नाही. एकीने सगळ्यांच्या पुस्तिका गोळा करून एकदम शिक्के मारून आणायचे, हे करू नका. मागची तुकडी पोचेपर्यंत पुस्तिका पुढच्या गावात गेलेल्या असतात. सान्तियागोला पोचण्याआधी यात्रेकरू कार्यालयाची ऑनलाइन नोंदणी भरून ठेवा, खिडकीवरचा वेळ वाचतो. कॉम्पोस्तेला, म्हणजे यात्रेचं प्रमाणपत्र, मोफत मिळतं, किलोमीटर लिहिलेलं दुसरं प्रमाणपत्र विकत. शिक्क्याची शाई ओली असताना पुस्तिका मिटली की समोरच्या पानावर उमटते. दोन मिनिटं उघडी धरा, टिपकागदाचा एक तुकडा आत ठेवा, मग झिपच्या पिशवीत.