मदत हवी आहे: दिवाळी अंकांच्या सूचीसाठी वर्डप्रेस की जँगो?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचा मोठा साठा आहे. त्यातल्या साहित्याची सूची संकेतस्थळावर आणायची आहे. साइट मी बांधून देणार, वर्डप्रेस या तयार प्रणालीवर किंवा जँगो या पायथनच्या चौकटीत कोड लिहून, पण नोंदी ग्रंथपाल बाई भरतील. त्यांचं मराठी टायपिंग उत्तम आहे, कोडशी मात्र संबंध नाही.

अडलंय ते लेखकांच्या नावांपाशी. आरती प्रभूंच्या कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कथा वाचकाला एकाच पानावर सापडायला हव्यात, पण अंकात जे नाव छापलंय तेच नोंदीत राहायला हवं. अशी टोपणनावं आमच्याकडे भरपूर आहेत.

वर्डप्रेसमध्ये कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे आपल्याला हवा तसा नोंदीचा प्रकार, करून पाहिला. बाईंना लगेच जमला. होस्टिंगही स्वस्त. पण जादा रकाने सगळे डेटाबेसच्या पोस्टमेटा नावाच्या एकाच तक्त्यात जातात, दर रकान्याला एक ओळ. वर्ष, प्रकार आणि लेखक एकत्र गाळायचे म्हटलं की त्याच तक्त्याचे जॉइन (पुन्हा पुन्हा जोडणं) वाढत जातात. शिवाय देवनागरी स्लग, म्हणजे पानाच्या पत्त्यातला शीर्षकाचा भाग! प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी नऊ-नऊ चिन्हांत साठवली जाते आणि रकाना 200 चिन्हांचा. म्हणजे साधारण 22 खुणांनंतर शीर्षक कापलं जातं.

जँगोत तक्ते मनासारखे बांधता येतात, अ‍ॅडमिनही आयती मिळते. तिथे स्लग बनवणाऱ्या स्लगिफाय फंक्शनला युनिकोड चालू ठेवलं तरी काना-मात्रा गळतात, 'मराठी'चं 'मरठ' होतं. ते दुरुस्त करता येईल. खरी काळजी वेगळी आहे. मी गाव सोडलं तर सर्व्हर कोण बघणार? ही सूची माझ्यावाचून चालली पाहिजे. द्रुपल ही दुसरी तयार प्रणाली कोणी अशा कामाला वापरलीय का?

प्रतिसाद:

द्रुपलमध्ये हे छान बसतं. एंटिटी रेफरन्स (एक नोंद दुसरीला जोडणं) आणि व्ह्यूज (गाळून याद्या दाखवणं) दोन्ही आवृत्ती 8 पासून गाभ्यातच आहेत. पण अपडेट करायला कंपोझर हे कमांडवर चालणारं साधन समजणारं माणूस लागतं, म्हणजे तुमची काळजी तशीच राहते. तुमच्या जागी मी वर्डप्रेसच ठेवलं असतं.

लेखक, वर्ष, प्रकार हे पोस्टमेटात टाकूच नका, टॅक्सॉनॉमी (वर्डप्रेसची वर्गवारी) करा; तिच्यातला एकेक वर्ग म्हणजे टर्म. गाळणी त्यावरच चालवा. लेखकांची टॅक्सॉनॉमी हायरार्किकल, म्हणजे एकाखाली एक अशी, ठेवा: वरची टर्म म्हणजे व्यक्ती, तिच्याखाली छापील नावं. 'खानोलकर, चिं. त्र्यं.' या टर्मखाली 'आरती प्रभू' आणि 'चिं. त्र्यं. खानोलकर' अशा दोन टर्म. नोंदीला फक्त खालची टर्म लावायची. वरच्या टर्मच्या पानावर खालच्या टर्मच्या नोंदी वर्डप्रेस आपणहून दाखवतं, वेगळं प्लगइन लागत नाही.

स्लगमध्ये शीर्षक नकोच, नोंद क्रमांक घाला. एका छोट्या हुकचं, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या कोडच्या तुकड्याचं, काम आहे. एकच सारखं शीर्षक असलेल्या कविता निघतील तेव्हाही हेच उपयोगी पडेल.

टोपणनाव नेमकं कोणाचं हे नक्की नसेल तिथे बाईंनी काय करायचं, ते मात्र आधी ठरवा. मी तरी ती टर्म मोकळीच ठेवेन, कोणाच्याही खाली न लावता. खात्री पटली की पेरेंट (वरची टर्म) बदलायचा, सगळ्या नोंदी एकदम योग्य माणसाच्या पानावर जातात.