विषय: मोठ्या मुलांसाठी ‘एंडिंग द सायलेन्स’ मंडळात ठेवायचं का?

नमस्कार मंडळी,

मराठी शाळेच्या मोठ्या मुलांसाठी, म्हणजे नववी ते बारावी, नामी (NAMI) या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेचा ‘एंडिंग द सायलेन्स’ हा कार्यक्रम आपल्या हॉलमध्ये ठेवावा असं मनापासून वाटतंय. फुकट असतो, तासाभराच्या आत आटपतो, दोघं येतात, एक जण लक्षणं कशी ओळखायची, मैत्रिणीचं काहीतरी बिनसलंय असं वाटलं तर कोणाला सांगायचं ते सांगतं, आणि दुसरी व्यक्ती तरुण असते, तिला स्वतःला मानसिक आजार असतो आणि ती आपलं आपण बोलते. लेकीच्या हायस्कूलमध्ये झाला तेव्हा एका मुलाने सरळ विचारलं, तू गोळ्या घेतेस तर गाडी चालवू देतात का? ती म्हणाली, आत्ता चालवतच आले, वीस मिनिटं पार्किंग शोधत होते. लेकीला स्लाइड्स काही आठवत नाहीत, हे उत्तर मात्र पाठ आहे. मुलं येताजाता कोणालाही ‘सायको’ म्हणतात आणि आपण मोठे तरी काय, गप्पांत कोणाला ना कोणाला येरवड्याला पाठवतोच.

वैशाली

---

वैशालीताई, हेतू चांगलाच आहे पण मला जरा धास्ती वाटते. मुलं लहान आहेत, नको ते डोक्यात शिरायचं. शिवाय आपलं मंडळ एवढंसं, कोणाच्या घरात काय आहे ते चव्हाट्यावर यायला वेळ लागत नाही, उद्या लग्नं जमवताना तेच निघेल. शाळा शिकवतेय ना, मग पुरे की.

मिलिंद

---

मिलिंद, तुझी दुसरी भीती खरी आहे आणि म्हणूनच बोलणारे बाहेरचे हवेत, आपल्यातल्या एकाही मुलाला ‘तुझा अनुभव सांग’ म्हणायचं नाही, हा नियमच करू. पहिलीबद्दल मात्र ऐक. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलंय की आयुष्यात ज्यांना मानसिक आजार होतो त्यातल्या निम्म्यांना तो 14 वर्षांच्या आतच सुरू झालेला असतो, मग नववीतलं पोरगं लहान कसं? आणि आत्महत्येबद्दल विचारलं म्हणून तो विचार डोक्यात शिरत नाही, हेही तपासून झालंय.

वैशाली, तुला एक सांगायचंय, नुसतं पाहुण्याला बोलवून भागणार नाही. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 14 देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तर मोठ्या माणसांचे पूर्वग्रह आजारी माणसाला प्रत्यक्ष भेटल्याने जास्त कमी होतात, पण किशोरवयीन मुलांच्या बाबतीत उलटं, तिथे नीट दिलेली माहिती जास्त काम करते (भेटीचाही उपयोग होतोच). म्हणून आधी आजार म्हणजे काय, औषधं काय करतात, माणूस हिंसक असतो हा समज कुठून येतो यावर एक तास घेऊ, पाहुणे त्यानंतर, आणि दोनेक महिन्यांनी परत एकदा बसू कारण एका दिवसाचा परिणाम ओसरतो. न्यूयॉर्कमध्ये 2018 पासून शाळांना हे शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण घरी आजी-आजोबांसमोर हा विषय काढायचा कसा ते शाळा शिकवत नाही, ते आपल्यालाच करावं लागणार. आणि वरचा निष्कर्ष धरला तर पाहुण्याला भेटायची खरी गरज आपल्याला, आईबाबांना आहे, तेव्हा आपली बैठक त्याच दिवशी बाजूच्या खोलीत, मराठीतून.

लग्नाचं म्हणतोस, तर कॅनडातल्या कॅलगरीचे डॉ. जगन्नाथ वाणी आठव. युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवणारा माणूस, पत्नीला स्किझोफ्रेनिया, त्यांनी तो लपवला नाही, पुण्यात ‘सा’ ही स्किझोफ्रेनियाबद्दल जागृती करणारी संस्था उभी केली आणि याच आजारावरचा ‘देवराई’ सिनेमा त्यांच्याच पुढाकाराने झाला. आपल्यासारखाच परदेशात राहणारा मराठी माणूस होता तो.

कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या. पहिल्या तासाची तयारी मी करतो, आणि 988 हा आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असताना मदत मागायचा नंबर मुलांच्या फोनमध्ये त्याच दिवशी सेव्ह करून घेऊ.

सुहासकाका

---

काका, आईबाबांची बैठक असेल तर माझी हरकत नाही. मी येईन, बायकोलाही आणतो. मुलाला मात्र आधी विचारतो.

मिलिंद