रिसेप्शनला स्टेजवरून उतरून घरच्यांत बसलं तर चालेल का?

नौपाडाकर
फेब्रुवारीत माझं लग्न आहे. सकाळचा मुहूर्त, संध्याकाळी सात ते साडेदहा रिसेप्शन, हॉल घोडबंदर रोडला. माणसं चारशेच्या आसपास. गेल्या वर्षी चुलतभावाच्या रिसेप्शनला जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून विचारते.

आमची थोरली आत्या कुडाळहून आली होती. वय ७६. मांडीवर कापडी पिशवी, आत आमसुलं आणि कुळथाचं पीठ, वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरा बांधलेला. नव्या सुनेच्याच हातात द्यायचं म्हणून पिशवी कुणाकडे देईना. पावणेदोन तास बसून राहिली. शेवटी रांगेतून वर गेली, फोटोग्राफर म्हणाला "आजी, इकडे बघा", आणि मागचे पुढे सरकले. पिशवी कुणीतरी सोफ्यामागे ठेवून दिली. रात्री कोकणकन्येने परत जायचं होतं, तशीच निघाली. रिक्षात बसताना मला म्हणाली, "माका तिच्याशी धड बोलूक पण गावला नाय."

बाबा गेल्यानंतर माझ्या मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या या आत्याकडे गेल्या. तिच्याशी माझ्या लग्नात असं व्हायला नको.

मी हिशोब केला. चारशे माणसं म्हणजे चार-चारचे शंभर घोळके, प्रत्येकाला दीड मिनिट, झाले अडीच तास. साडेतीनातला उरलेला एक तास मला आत्या, मामा-मामी आणि त्याच्या घरच्या मोठ्यांसोबत खाली बसायचंय. आई म्हणते, लोक कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून येणार आणि नवरी स्टेजवर नाही, बरं दिसत नाही. खरंच वाईट दिसतं का?

नेरुळची मुलाची आई
अजिबात नाही. पण सगळा भार रिसेप्शनवर कशाला टाकतेस? ती वेळच मुळी बाहेरच्या लोकांची. घरच्यांसाठी आपल्याकडे केळवण आहे, आदल्या दिवशीचं ग्रहमख आहे, दुपारची पंगत आहे.

आमच्याकडे दुपारी बुफे होता, तरी शेवटची पंगत फक्त दोन्हीकडच्या घरच्यांची बसवली. तीस पानं, ताटांभोवती रांगोळी. नवरा-नवरीला जिलबी वाढायला लावली. माझ्या सासूबाईंना नीट चालवत नाही, त्यांच्या पानाशी सून खाली बसली आणि दहा मिनिटं तिथेच रमली. आजही त्या तेवढंच सांगतात, स्टेजवरचं काही नाही.

आणि तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना हे तूच सांग. आईमार्फत निरोप गेला की त्याचा अर्थ बदलतो.

कळव्याचा पाहुणा
मी रांगेतल्या माणसाची बाजू सांगतो. मित्राच्या रिसेप्शनला ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर थेट गेलो होतो. चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिलो, माझ्यापुढे दोनच घोळके होते आणि नवरा-नवरी जेवायला निघून गेले. कुणी काही सांगितलं नाही. पाऊण तास ताटकळलो, शेवटी पाकीट त्याच्या भावाकडे देऊन निघालो. मित्राचा राग नाही, पण त्या दिवशी मनाला लागलं.

तू जरूर उतर, फक्त आधी माइकवरून सांगायला लाव: "वधूवर अर्धा तास घरच्यांसोबत आहेत, तोवर जेवून घ्या." रांगेशी घरातलं जबाबदार कुणीतरी उभं कर. एवढं कळलं तर कोणी नाराज होत नाही.

हॉलवाला
ठाण्यात चौदा वर्षं हॉलचं काम बघतोय. पत्रिकेवर सात लिहिलेलं असतं, पण जोडी पार्लरमधून येते पावणेआठला. म्हातारी माणसं मात्र बरोबर सातला हजर. त्यांचे हाल तिथेच सुरू होतात. मधला तास शोधू नका, सुरुवातीचा घ्या. साडेसहाला तयार होऊन खाली या, घरच्यांचे फोटो खुर्च्यांतच काढा, म्हाताऱ्यांना जिना चढायला लावू नका. फोटोग्राफरला नावांची यादी आदल्या दिवशी द्या.

डीजेलाही आवाज कमी ठेवायला सांगा, नाहीतर शेजारी बसूनही ऐकू येत नाही. नियमाप्रमाणे दहाला स्पीकर बंद होतात, मग खऱ्या गप्पा होतात, पण तुमची आत्या तेव्हा स्टेशनच्या वाटेवर असणार. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिचं परतीचं तिकीट त्या रात्रीचं काढूच नका.

नौपाडाकर
तिकिटाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खूप आभार.

काल सासूबाईंशी बोलले. मी धास्तावले होते, पण त्या म्हणाल्या, त्यांच्या काकूही साताऱ्याहून येणार आहेत, त्यांनाही स्टेज चढवत नाही. साडेसहा ते सव्वासात दोन्ही घरं खाली, मग आम्ही वर. पार्लरवालीला एक तास लवकर बोलावलंय. कळव्याच्या दादांनी सांगितलेली माइकची सूचना मामेभाऊ देणार, आम्ही जेवायला उतरू तेव्हा. पंगतीचं आई बघतेय, तिला ते फार आवडलं.

आत्याला फोन करून सांगितलं की पूजा झाल्याशिवाय जायचं नाही, तिकीट तिसऱ्या दिवसाचं काढतेय. आधी म्हणाली, घरी म्हैस आहे, कोण बघणार. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मगे पीठ दोन किलो आणू?"