बँटम (छोट्या जातीची कोंबडी) खुडूक बसलीये (अंडी उबवायला), खाली गावठीची अंडी चालतील का?

आमची बँटम उठायचं नावच घेत नाहीये, हात नेला की फुगते आणि टोचते, नर नाहीये त्यामुळे तिची अंडी फुकट, मग शेजारच्या काकूंकडची गावठीची ठेवू का? किती?

↳ ठेवा की! खुडूक बसण्यात बँटम एक नंबर. पण अंगाने लहान ना, पाच-सहाच ठेवा, जास्त झाली की कडेची गार पडतात. पिल्लं निघायला २१ दिवस. सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघा, शिरा दिसल्या नाहीत तर काढून टाका.

↳ खुराड्याला बारीक जाळी आहे ना? मुंगूस सोडत नाही.

↳ पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालाच, मानमोडी (राणीखेत रोग) आली तर एक उरत नाही. पाणी उथळ ताटलीत, बुडतात येडी.