नर्सिंग होममध्ये दाखल झाल्यावरचे पहिले ४८ तास

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाईंच्या खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले असून शुक्रवारी संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलमधून थेट इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, एका नर्सिंग होममध्ये (रुग्णांना ठेवून शुश्रूषा करणाऱ्या निवासी केंद्रात) हलवणार आहेत. त्यांना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही, ऐकू कमी येते आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत. केअर प्लॅनची, म्हणजे शुश्रूषेच्या आराखड्याची, बैठक तीन आठवड्यांनी होईल, असे सोशल वर्करने कळवले आहे. तोवर आम्ही काय करावे, याविषयी कोणी जाणकाराने मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

उत्तर:

ताई, नमस्कार.

मी बरीच वर्षे नर्सिंग होममध्ये नर्स म्हणून काम करते. त्या बैठकीची वाट पाहत थांबू नका. ती सविस्तर आराखड्याची बैठक असते. दाखल झाल्यापासून १४ दिवसांत पूर्ण तपासणी आणि त्यानंतर ७ दिवसांत आराखडा, असा तो हिशेब आहे. परंतु मेडिकेअर किंवा मेडिकेड या अमेरिकी सरकारी आरोग्य विमा योजनांची मान्यता असलेल्या नर्सिंग होमला रुग्ण आल्यापासून ४८ तासांच्या आत प्राथमिक आराखडा, म्हणजे बेसलाइन केअर प्लॅन, करावाच लागतो. हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे आणि त्याला शनिवार-रविवारची सवलत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या रुग्णाचा आराखडा पुष्कळदा केवळ हॉस्पिटलच्या कागदांवरून भरला जातो, म्हणून त्या संध्याकाळी घरच्या कोणीतरी तेथे हजर राहावे आणि एका पानावर इंग्रजीत माहिती लिहून नर्सच्या हाती द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नुसते ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, कारण भाज्यांचे म्हणून आलेले सूप चिकनच्या पाण्यात शिजवलेले असू शकते आणि जेलीत जिलेटिन असते. काय चालत नाही आणि काय आवडीने खातात, हे दोन्ही स्पष्ट लिहा. घरचा वरणभात नेण्यापूर्वी आहारतज्ज्ञांना विचारा, विशेषतः गिळण्याच्या तपासणीनंतर मऊ किंवा दाट पदार्थच द्यायला सांगितले असतील तर.

दुखण्याविषयी अधिक सांगते. आपल्या पिढीजात वळणाच्या आजी नर्सने विचारले की ‘बरं आहे’ म्हणतात आणि तेच कागदावर चढते. मग वेदनाशामक न घेताच थेरपीची वेळ येते, पाय टेकवत नाही आणि ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद होते. दुखत असताना त्या काय करतात, म्हणजे जेवण टाकतात, कूस बदलत नाहीत की गप्प होतात, ते लिहून द्या. रात्री लघवीला किती वाजता उठतात हेही लिहा, कारण पडण्याचा धोका तेव्हाच मोठा असतो. मदतीसाठी बोलावण्याचे बटण त्यांच्याकडून स्वतः दाबवून घ्या आणि श्रवणयंत्र कुठे ठेवायचे ते ठरवून घ्या.

भाषेच्या रकान्यात ‘मराठी’च लिहवून घ्या, नाहीतर हिंदीचा दुभाषी जोडून देतात. समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

प्राथमिक आराखड्याचा सारांश रुग्णाला आणि त्याच्या प्रतिनिधीला देणे बंधनकारक आहे. तो सोमवारीच लेखी मागा आणि त्यातली औषधे घरच्या यादीशी ताडून पाहा. टाळाटाळ झाली, तर प्रत्येक राज्यात लाँग-टर्म केअर ओम्बुड्समन, म्हणजे नर्सिंग होममधल्या रुग्णांच्या तक्रारी पाहणारा अधिकारी, असतो, त्याच्याकडे विनामूल्य तक्रार करता येते. ते पान लिहून झाले की मला पाठवा, मी वाचून देईन.