सी-५०३ बाबत

कुलकर्णी (सी-४०३): सी-५०३ मध्ये कालपासून दोन मुलं राहायला आली आहेत. रात्री ११.४० ला पलंग सरकवत होती. समितीला कल्पना आहे ना? की वर कोण राहतं हे आम्ही आवाजावरून ओळखायचं?

फडके (ए-१०२): २०१९ च्या वार्षिक सभेत ठराव झालाय. बॅचलरना फ्लॅट द्यायचा नाही.

सेक्रेटरी: मोने मॅडमचं पत्र १२ तारखेलाच आलंय. नोटीस बोर्डावर लावलंय.

तांबे काकू (बी-२०१): बोर्डावर अजून गणपतीची वर्गणीच दिसतेय. आमचे ५०१ तिथे ५१ झालेत, ते कधी दुरुस्त होणार?

कुलकर्णी: आत्ता खाली जाऊन पत्र वाचलं. वडिलांच्या नावापुढे रेघ. गावच्या पत्त्यापुढे रेघ. हा काय प्रकार?

मोने (सी-५०३, मालक): नमस्कार. दोघं बालगृहात वाढलेत. वडील माहीत नाहीत, गाव नाही, म्हणून रेघ. १८ पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. पुढे २१ पर्यंत अनुरक्षणगृह, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीचं वसतिगृह, नाहीतर अनुदान. मोठा मागच्या महिन्यात २१ चा झाला, गॅरेजमध्ये कामाला आहे. धाकटा १९ चा, औंधच्या आयटीआयत. दोन महिने खोली शोधत होते. वारजे, धायरी, कर्वेनगर. भाडं जमत होतं, डिपॉझिट जमवलं होतं. सगळीकडे गाडी एकाच ठिकाणी अडायची : "आईवडिलांशी बोलणं करून द्या."

शिंदे (बी-३०४): सरकार देतं ना यांना?

मोने : धाकट्याला मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिना ४००० मिळतात. तेवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर कॉट मिळेल, जेवण नाही.

देशपांडे काका (ए-३०१): बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६ आणि त्याखालचे नियम. अनुरक्षणाची मुदत अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत वाढवता येते. मोठ्याला बाल कल्याण समितीकडे अर्ज करायला सांगा. मजकूर मी लिहून देतो.

शिंदे : काका रिटायर झाले, फाइल झाली नाही 😄

देशपांडे काका : तुमच्या गच्चीवरच्या शेडचीही फाइल आहे माझ्याकडे.

फडके : २०१९ च्या वार्षिक सभेत ठराव झालाय. बॅचलरना फ्लॅट द्यायचा नाही.

कुलकर्णी : माझा मुलांवर आक्षेप नाही. पण माझी मुलगी बारावीला आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

सायली (ए-४०२): काका, आमच्या समोर कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये सहा बॅचलर राहतात. चार वर्षं झाली.

कुलकर्णी : ते आयटीतले आहेत.

सायली : म्हणजे ते पलंग सरकवत नाहीत?

जोशी (सी-१०१): यांची बाइक कुठे लागणार ते आधी सांगा. माझ्या जागेत दोन वर्षं एक ॲक्टिव्हा उभी आहे.

शिंदे : नाव घेऊन बोला.

जोशी : घेतलं नाही तरी उत्तर तुम्हीच दिलंत.

सेक्रेटरी : कृपया विषयावर या 🙏 फडके साहेब, २०१९ चं इतिवृत्त समोर आहे. "चर्चा झाली" एवढंच आहे, ठराव नाही. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. कळवलंय. करार रजिस्टर आहे, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरलीये. मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवा शुल्काच्या १० टक्के लागेल. बाइक नाही, एक सायकल आहे.

फडके : चर्चा झाली म्हणजे सर्वांचं मत तेच होतं.

सेक्रेटरी : आता एकच राहिलं. फॉर्ममध्ये "तातडीच्या वेळी संपर्क" रिकामं आहे. वॉचमनकडे नंबर लागतो.

मोने : माझा टाका.

कुलकर्णी : तुम्ही पनवेलला. रात्री दोनला कोणी आजारी पडलं तर तुम्ही येणार? हे मी विरोध म्हणून लिहीत नाही.

(इथे अकरा मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. एरवी या ग्रुपवर दुधाच्या पिशवीवरून रात्र जागते.)

तांबे काकू : माझा टाका. गुडघ्यांमुळे मला झोप नाहीच. पण मुलांना सांगा, एकदा येऊन तोंड दाखवून जा. आणि पलंगाच्या पायांना रबर लावा, कुलकर्णींचा मुद्दा बरोबर आहे.

कुलकर्णी : धन्यवाद.

मोने : काकू, संध्याकाळी पाठवते दोघांना.

तांबे काकू : सातनंतर. आधी मालिका असते.

फडके : २०१९ च्या वार्षिक सभेत

फडके : हा मेसेज डिलीट केला आहे

वॉचमन ऑफिस : टॅंकर आला आहे. गेटसमोरची पांढरी गाडी कोनाची आहे काढा

जोशी : शिंदे?